वाचता येतं, लिहिता येत नाही

माझी आजी पेपर वाचायची. सकाळचा चहा झाला की उंबऱ्यात बसायची, ओळीखाली बोट सरकवायची, ओठ हलवायची आणि वंदना म्हटल्यासारख्या सुरात एकेक बातमी संपवायची. मधे हाक मारली तर बोट तिथेच ठेवून वर बघायची. सोन्याचा भाव, एसटीचा अपघात, निधनवार्ता, काहीही सोडायची नाही.

पण तिला लिहिता येत नव्हतं. स्वतःचं नावसुद्धा नाही. पेन हातात दिलं तर ती ते रवीसारखं मुठीत धरायची आणि हसून परत द्यायची.

२००१ च्या जनगणनेला घरी आलेल्या गुरुजींनी विचारलं, "आजी, लिहिता-वाचता येतं का?" आजी म्हणाली, "वाचता येतं." गुरुजी थांबले. "आणि लिहिता?" "ते नाही." त्यांनी थोडा विचार केला आणि निरक्षर म्हणून नोंद केली. मला राग आला होता. नंतर नियम शोधला, तर गुरुजींचं बरोबर होतं. ज्याला नुसतं वाचता येतं पण लिहिता येत नाही, त्याला साक्षर धरायचं नाही, असं आपल्या जनगणनेच्या व्याख्येतच स्पष्ट म्हटलेलं आहे. आजीसारख्या माणसांचा विचार करूनच कुणीतरी ते वाक्य घातलं असणार. म्हणजे अशी माणसं बरीच असणार.

आजीची शाळा एक वर्षाची. साल १९३६-३७ च्या आसपासचं, नगर जिल्ह्यातलं एक गाव. गावच्या शाळेत महारवाड्यातल्या पोरांना बाहेर ओट्यावर बसवायचे. वाड्यातच मिशनची एक खोली होती, तिथे मात्र आत बसता यायचं. तिथली पहिली इयत्ता हे आजीचं सगळं शिक्षण. तिचे काका ख्रिस्ती झालेले होते, वडील झाले नाहीत, आणि १९५६ नंतर आमचं सगळं घर बौद्ध झालं. तरी म्हातारपणापर्यंत तिला पहिलीत शिकलेलं पाठ होतं. प्रभूची प्रार्थना यायची. दहा आज्ञा ती बोटांवर मोजायची आणि दर वेळी नवावरच अडकायची, राहिलेली एक दर वेळी वेगळी असायची. गोष्टींमध्ये तिची आवडती जक्कयाची. जक्कय हा बुटका जकातदार. गर्दीत येशू दिसेना म्हणून हा श्रीमंत माणूस पोरासारखा उंबराच्या झाडावर चढला. आजी सांगताना स्वतः टाचा उंचवायची.

लिहायला का नाही शिकलीस, असं विचारलं की म्हणायची, "पाटी एकच होती. ती भावाकडं."

हे उत्तर मला पुरेसं वाटायचं. गरिबी, दोन पोरं, एक पाटी. विषय संपला. पण काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या जुन्या बालपुस्तकांची स्कॅन केलेली पानं चाळत बसले होते. त्यात 'न्यू इंग्लंड प्रायमर' निघालं. इंग्रजी मुळाक्षरांची चित्रं बघत शेवटच्या झेडपर्यंत आले, आणि तिथे झाडावर चढलेला एक माणूस होता. जक्कय! आजीच्या गावापासून जगाच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या अडीचशे वर्षं आधी, पहिलीतली पोरं ज्या अक्षराला मुळाक्षरं संपवायची त्या अक्षरावर आजीचा जक्कय बसलेला होता. मग मी ते पुस्तक सोडलंच नाही.

हे प्रायमर बॉस्टनमध्ये १६८७ ते १६९० च्या दरम्यान बेंजामिन हॅरिस नावाच्या प्रकाशकाने पहिल्यांदा छापलं. आज हातात असलेली सगळ्यात जुनी प्रत १७२७ ची. आधीच्या प्रती पोरांनी वापरून वापरून संपवल्या असणार, बालपुस्तकांचं तेच होतं. हाताच्या पंजात मावेल एवढं पुस्तक. आधी मुळाक्षरं, मग ab, eb, ib अशी जोडअक्षरं, म्हणजे त्यांची बाराखडी. मग चित्रं आणि दोन-दोन ओळींचे यमकी तुकडे. ए म्हणजे आदम, आणि लगेच त्याच्या पापात आपण सगळे कसे बुडालो ते. एफ म्हणजे मूर्ख, आळशी पोरगा, त्याला शाळेत फटके. जी म्हणजे वाळूचं घड्याळ, आयुष्य असंच गळून जातंय. टी म्हणजे काळ, तो लहानथोर सगळ्यांना कापून काढतो. आपल्याकडे ग गणपतीचा किंवा गवताचा असतो, त्या पोरांचा जी मरणाचा होता.

पुढच्या पानांवर प्रार्थना, त्यातली एक रात्री झोपताना म्हणायची, झोपेत मेलो तर माझा आत्मा सांभाळ अशा अर्थाची. त्या काळी घरोघरी मुलं मरत होती, त्यामुळे ही भीती कुणाला अतिरेकी वाटत नसावी. मग जॉन रॉजर्सची गोष्ट. १५५५ साली लंडनमध्ये राणी मेरीच्या राज्यात जिवंत जाळलेला हा प्रोटेस्टंट धर्मोपदेशक. चित्रात तो ज्वाळांत उभा, आणि बघायला बायको आणि रांगेने मुलं. नऊ लहान मुलं आणि एक अंगावर पिणारं, असं मजकूर सांगतो, आणि मुलं एकूण नऊ की दहा यावर पोरांनी पिढ्यानपिढ्या डोकं खाजवलं. शेवटी प्रश्नोत्तरी, बहुतेक आवृत्त्यांमध्ये १०७ प्रश्नांची, सगळी पाठ करायची. पाच-सहा वर्षांच्या मुलांनी.

आता हे वाचून 'बिचारी पोरं' म्हणणं सोपं आहे, मीही म्हटलं. पण दुसरं काहीतरी डोळ्यांत भरलं. या पुस्तकात लिहायचं काहीच नाही. गिरवायला अक्षर नाही, रेघ नाही. सगळं बघायचं, म्हणायचं, पाठ करायचं.

त्याआधीचं जे साधन होतं त्याचंही तेच. हॉर्नबुक म्हणजे मुठीची एक लाकडी फळी. तिच्यावर अक्षरांचा आणि प्रार्थनेचा कागद, वरून शिंगाचा पातळ पारदर्शक पापुद्रा, पोराच्या हाताने कागद मळू नये म्हणून. दिसायला थेट पाटीसारखी. पण पाटीवर आपण लिहितो, आणि या फळीवर शिंगाचा पापुद्रा नेमका लिहिता येऊ नये असा बसवलेला!

कारण तिथे वाचणं आणि लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. वाचणं आत्म्यासाठी. बायबल स्वतः वाचल्याशिवाय तारण नाही, ही प्रोटेस्टंटांची धारणा, म्हणून ते सगळ्यांना यायला हवं: मुलगे, मुली, नोकर. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४२ सालीच कायदा केला की आईबापांनी आणि मालकांनी आपल्या मुलांना आणि शिकाऊ पोरांना वाचता येईल असं बघावं. मुलं शेजारच्या एखाद्या बाईच्या स्वयंपाकघरात जमायची, बाई भाकरी-तुकडा बघता बघता अक्षरं म्हणून घ्यायची. लिहिणं मात्र हा धंद्याचा भाग होता. त्यासाठी पिसाची लेखणी, शाई, महागडा कागद आणि वेगळा मास्तर लागायचा, आणि तो मुलग्यांना शिकवायचा. १६४७ च्या कायद्याने पन्नास घरांच्या गावाने मास्तर नेमावा असं सांगितलं. त्यात लेखनाचा उल्लेख होता, पण मुली बहुतेक बाईच्या स्वयंपाकघरापर्यंतच पोचल्या. बॉस्टनच्या सार्वजनिक लेखनशाळांची दारं मुलींना १७८९ साली उघडली. एका शहरात शंभर वर्षं वाचणाऱ्या आणि सही न करणाऱ्या बाया होत्या.

हे फक्त अमेरिकेत घडत नव्हतं. स्वीडनच्या १६८६ च्या चर्च कायद्याने प्रत्येकाला वाचता आलंच पाहिजे असं ठरवलं. पाद्री घरोघर जाऊन परीक्षा घ्यायचा, गडीमाणसांचीही. पुढच्या शतकात जवळजवळ सगळा देश वाचू लागला आणि लिहिणारे मात्र थोडेच राहिले. इंग्लंडमध्ये हॅना मोर या लेखिकेने अठराव्या शतकाच्या शेवटी मेंडिप टेकड्यांमधल्या गरिबांसाठी शाळा काढल्या. चांगल्या मनाची बाई. वाचन, बायबल, प्रश्नोत्तरी सगळं शिकवायची. गरिबांना लिहायला शिकवायचं नाही, हा तिचा स्वतःचा ठाम नियम होता, आणि तो ती अभिमानाने सांगायची. ही एका बाईची लहर नव्हती, अनेक रविवारच्या शाळांमध्ये लेखन हाच वादाचा मुद्दा झाला.

सगळ्यात उघड उदाहरण साउथ कॅरोलायनाचं. १७४० साली तिथे कायदा झाला की गुलामांना लिहायला शिकवणं गुन्हा. फक्त लिहायला. वाचायला शिकवण्याची बंदी यायला १८३४ साल उजाडावं लागलं. जवळजवळ शतकभर त्या मालकांना वाटत होतं की गुलामाने वाचलं तर एक वेळ चालेल, बायबल वाचून तो सोशिक होईल. पण लिहिणारा गुलाम स्वतःच्या हाताने रजेची चिठ्ठी लिहील आणि निघून जाईल.

वाचणारा माणूस ऐकत असतो. लिहिणारा उत्तर देतो. पहिलीच्या वर्गाची ही रचना कुणी एका माणसाने कट करून केली असं मी म्हणत नाही. कागद खरंच महाग होता. पण ज्यांनी फक्त ऐकावं अशी इच्छा होती, त्यांनाच नेमकी शाई परवडत नव्हती, हा योगायोग फार देशांत घडला.

मग आपल्याकडे काय झालं? न्यू इंग्लंडमधूनच १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन तरुण पाद्री मुंबईत उतरले. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ती. दोन-तीन वर्षांत त्यांच्या शाळा निघाल्या. प्रायमरच्या देशातली ही माणसं, त्यामुळे मला वाटलं होतं इथेही हॉर्नबुकच येणार. पण इथे आधीपासून पंतोजी बसलेला होता.

पंतोजीच्या शाळेत पोर पहिल्या दिवशी वाचत नाही, लिहितं. धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचं, मोठ्याने म्हणायचं, पुसायचं, परत काढायचं. हाताला आधी कळतं, डोळ्याला मागून. शाई नको, कागद नको. त्याच्या जोडीला पाढे: पावकी, निमकी, दिडकी. आईबाप पोराला पाठवायचे ते हिशेब आणि पत्र लिहिता यावं म्हणून. मिशनला सुरुवातीला ख्रिस्ती शिक्षक मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी पंतोजींनाच पगारावर ठेवलं. म्हणजे बहुधा ब्राह्मण मास्तर, दहा आज्ञा पाठ करून घेतोय. मास्तरला त्यातलं काही पटत नव्हतं, पण पगार वेळेवर होता. मला वाटतं हा एक न बोललेला सौदा होता. मिशनला त्यांच्या आज्ञा मिळाल्या, आईबापांना त्यांचे पाढे, आणि लेखन आपोआप आत आलं, कारण पंतोजीला लिहिल्याशिवाय शिकवताच येत नव्हतं.

या धूळपाटीची एक गंमत मुंबईच्या आधीची आहे. १७८९ पासून मद्रासमध्ये अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री लष्करातल्या अनाथ मुलांची शाळा चालवत होता. एका देशी शाळेत त्याने मुलांना वाळूत बोटाने अक्षरं काढताना पाहिलं. त्याच्या मास्तरांनी हे करायला नकार दिला, म्हणून त्याने जॉन फ्रिस्किन या आठ वर्षांच्या मुलालाच खालच्या वर्गाचा शिक्षक केलं. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं, वाळूत लिहून. १७९७ साली इंग्लंडमध्ये त्याने यावर पुस्तक छापलं, ते 'मद्रास पद्धत' म्हणून गाजलं, आणि तिथल्या गरिबांच्या चर्चशाळांमध्ये सगळ्यात खालच्या वर्गातली इंग्रज पोरं वाळूच्या ताटात बोट फिरवू लागली. बेल १८३२ मध्ये वारला, त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरलं. हॅना मोर जे देत नव्हती ते मद्रासच्या वाळूने फुकटात दिलं. आपल्या पंतोजीचं तिथे कुणी नाव घेत नाही, ते असो.

मुंबईत एक अडचण मात्र राहिलीच. रोजचं लिखाण मोडीत, आणि मिशनची छापील पुस्तकं बहुतेक बाळबोधीत, म्हणजे आज आपण वापरतो त्या देवनागरीत. ज्याला बाळबोध वाचता येई त्याला मोडी पत्र लिहिता येईलच असं नव्हतं. वाचायची लिपी एक आणि लिहायची दुसरी.

१८२७ च्या डिसेंबरात सिंथिया फॅरार मुंबईत आली. एकटी, अविवाहित, मुलींच्या शाळा बघायला. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठवलेली अशी ती पहिलीच बाई. १८३९ मध्ये ती नगरला गेली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. नगरच्या तिच्या शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिल्या, आणि सावित्रीबाईंनी तिच्याकडे अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं, हे तुम्ही शाळेत वाचलं असेल. जोतिराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. पुढे १८४८ ची भिडेवाड्यातली शाळा आपल्याला पाठ आहे. मला त्यापुढची दोन सालं महत्त्वाची वाटतात. १८५४ मध्ये सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' छापला गेला. आणि १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मांग समाजातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचा निबंध मिशनच्याच 'ज्ञानोदय'मध्ये आला. वेद तुमचे, आम्हाला ते बघायचीही बंदी, मग आमचा धर्म कोणता ते देवा सांग, असा तिचा सवाल. तो ब्राह्मणांना होता, देवाला होता, आणि निबंध छापणाऱ्या पाद्र्यांनाही, कारण उत्तर म्हणून ती त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली नाही. नुसतं वाचता येणाऱ्या मुलीकडून हा निबंध आला नसता.

तर मग नगर जिल्ह्यात, फॅरारच्या मृत्यूनंतर पाऊणशे वर्षांनी, माझी आजी न लिहिता का राहिली? तिच्या शाळेने लिहायला शिकवायचं नाकारलं नव्हतं. भाऊ तिथेच लिहायला शिकला. शाळेने सोडून दिलेला जुना फरक आमच्या घरानेच परत केला. पाटी त्याला, भिंतीवरचा तक्ता तिला. बॉस्टनच्या स्वयंपाकघरात आणि आमच्या वाड्यात दोन बाप एकमेकांना न भेटता एकाच निर्णयावर आले.

इतिहासकारांना या बाया सापडत नाहीत. केनेथ लॉक्रिज यांनी १९७४ मध्ये न्यू इंग्लंडमधली साक्षरता मोजली ती मृत्युपत्रांवरच्या सह्यांवरून. १६६० च्या सुमारास सुमारे ६० टक्के पुरुष सही करत होते, १७९० पर्यंत ९० टक्क्यांच्या आसपास. बाया शेवटपर्यंत निम्म्याहून कमीच. बाकीच्यांनी फुली मारली. पण फुली मारणाऱ्या किती जणी रात्री दिव्याशी बायबल वाचत होत्या, ते कागदावर उमटत नाही. पुढच्या अभ्यासकांनी यावर बोट ठेवलंच. मी ते वाचलं तेव्हा मला आमच्याकडचा एक कागद आठवला.

मी आठवीत होते. मामाआजोबांनी, म्हणजे त्याच पाटीवाल्या भावाने, आजीला तालुक्याला बोलावलं होतं. वडिलांच्या जमिनीचं हक्कसोडपत्र करायचं होतं. आजी तयार होती, माळाचं रान सोडायचं ठरलं होतं. वडील कामावर, म्हणून सोबतीला मी. निबंधक कचेरीच्या बाहेर टपरीत दस्त टाइप झाला. लिहिणाऱ्याने शाईचा डबा पुढे सरकवला. "इथं अंगठा, आजी."

आजीने कागद हातात घेतला. तो म्हणाला, "वाचून दाखवू का?" ती म्हणाली, "वाचते की."

पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. ओळीखाली बोट, हलणारे ओठ, तोच सूर. टपरीत लोक येऊन उभे राहिले, मागचा एक जण कुरकुरला. मामाआजोबा चहा सांगायला उठले. दुसऱ्या पानाच्या मध्यावर बोट थांबलं.

"'विहिरीसह' म्हणजे?"

"तसंच लिहितात आजी. गट आला की विहीर येते."

"विहीर त्यात नाही. ती पलीकडच्या तुकड्यात आहे. कुणी घालायला सांगितली?"

लिहिणाऱ्याने मामाआजोबांकडे पाहिलं. मामाआजोबा कपबशीत बघत होते. त्यांनी सांगितलं होतं की टाइप करणाऱ्याची सवय होती, ते मला आजही माहीत नाही, आणि आजीने कधी काढलं नाही. त्या दिवशी दस्त झाला नाही. परतीच्या एसटीत दोघं बहीणभाऊ एकाच बाकावर बसले, मधे माझ्या मांडीवर पेरूची पिशवी.

दोन महिन्यांनी नवा कागद झाला, त्या शब्दाशिवाय. आजीने तोही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि अंगठा उठवला. शाई केसांना पुसली. रिवाजाप्रमाणे लिहिणाऱ्याने ठशाशेजारी 'निशाणी डावा अंगठा' असं लिहून खाली तिचं नाव लिहिलं. आजीने कागद परत ओढला, नावाखाली बोट नेलं आणि त्याला म्हणाली, "काना राहिला."

त्याने तो दिला.